अंतराळवीर शाळेत येणार आहेत, तयारी अशी करूया

परळच्या आपल्या शाळेत अंतराळवीर येणार हे कळल्यावर बैठकीत पहिला विषय निघाला तो शाल-श्रीफळाचा. माझी यादी मुलांपासून सुरू होते. पाहुणे तासभरच थांबणार आहेत. दोन वर्षांपूर्वी एक शास्त्रज्ञ आले होते, तेव्हा दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार यातच पाऊण तास गेला. सातवीतली एक मुलगी प्रश्नाची चिठ्ठी मुठीत धरून शेवटपर्यंत थांबली, तिची पाळी आलीच नाही. चिठ्ठी घामाने ओली झाली होती. मला ते अजून लागतं. म्हणून या वेळी स्वागत पाच मिनिटांत: एक गुलाब, दोन वाक्यं, बास.

पंधरा दिवस आधी प्रत्येक वर्गात प्रश्नपेटी ठेवूया. मोबाइलवरून उतरवलेले प्रश्न लगेच ओळखू येतात, ते बाजूला काढा. संडासाचा प्रश्न मात्र कुणी दाबू नका. मुलांना तो खरंच पडतो, आणि अंतराळ स्थानकात लघवीसुद्धा शुद्ध करून पिण्याचं पाणी केलं जातं, हे ऐकण्यासारखं आहे. प्रश्न मराठीतच विचारू द्या, शेजारी उभं राहून बाई हिंदी-इंग्रजीत सांगतील. परक्या भाषेत घोकून घेतलं की मूल प्रश्न विसरतं आणि फक्त शब्द सांभाळत बसतं.

आधी थोडं शिकवायला हवं. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात, पृथ्वीच्या कक्षेत गेले, त्यानंतर थेट २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचलेले पहिले भारतीय. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचावर आहे, म्हणजे इथून कोल्हापूर जेवढं लांब, जवळपास तेवढंच वर. आपण सीएसएमटीहून स्लो लोकलने कल्याणला पोचेपर्यंत त्याची पृथ्वीभोवती एक फेरी होते. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं मुलं हमखास म्हणतील. ते तिथेही असतं, जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के. स्थानक आणि माणसं एकत्रच पृथ्वीकडे पडत राहतात, म्हणून तरंगतात.

माझा जीव आहे तो मुगाच्या प्रयोगात. काचेच्या बरणीत ओला टिपकागद, त्याच्या आणि काचेच्या मध्ये मूग. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की बरणी आडवी करायची. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक वळून पुन्हा खाली जाताना दिसतं. मग विचारायचं, जिथे खाली असं काही जाणवतच नाही, तिथे मूळ कुठे जाईल? शुक्लांनी स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली होती. बरणी पाहुण्यांच्या टेबलावर ठेवूया.

माइक दोन, नवे सेल घालून. पंख्यांच्या आवाजात बारीक आवाज हरवतात, म्हणून लहान वर्ग पुढे सतरंजीवर. सह्या नकोत, जिन्यावर वर्गवार एकेक फोटो. चाळीतल्या आजी-आजोबांना आवर्जून बोलवा, १९८४ त्यांना आठवतं. आदल्या आठवड्यात स्थानक संध्याकाळी दिसणार असेल तर मुलांना गच्चीवर न्या. न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका पश्चिमेकडून येतो, काही मिनिटांत निघून जातो. मुंबईच्या दिव्यांतही दिसतो.

ती मुलगी आता नववीत आहे. पहिला माइक तिच्या हातात द्यायचा.