अर्थसाहाय्य बंद झाल्यावर उच्च न्यायालयात जाताना या चुका टाळा

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (वृद्ध, दिव्यांग आदींसाठीचे अर्थसाहाय्य) किंवा गृह आधार योजनेचे पैसे बँकेत जमा होणे थांबले, की काही जण थेट वकील गाठून पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे, धाव घेण्याचे ठरवतात. संविधानाच्या २२६व्या अनुच्छेदाखाली रिट याचिकेचा, म्हणजे सरकारी निर्णयाला थेट उच्च न्यायालयात आव्हान देण्याचा, मार्ग आहे खरा. परंतु आव्हान देण्यासाठी हातात काहीतरी निर्णय असावा लागतो, आणि पुष्कळदा पासबुकातील कोऱ्या जागेशिवाय काहीच नसते. म्हणून प्रथम संबंधित खात्याकडे लेखी अर्ज करून कारण विचारावे व प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर याचिकेला जोडता येत नाही. लेखी उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या फाइलीवरील टिपणांच्या प्रती मागाव्यात. त्यासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे रिट याचिकेला अपील समजणे. घरची गरिबी, आजारपण आणि कर्ज यांनी पानेच्या पाने भरतात, पण न्यायालय सहसा पात्रता नव्याने तपासत नाही. निर्णय कसा घेतला गेला, हे पाहते. समजा, काणकोणमधील एका वृद्धेचे साहाय्य तिच्या वास्तव्याच्या दाखल्यावर शंका घेऊन बंद केले. तेथे खरे मुद्दे असे, की तिला नोटीस दिली होती काय, दाखल्याबाबत म्हणणे मांडू दिले काय, आणि आदेशात कारण नमूद आहे काय. आदेशात नसलेले कारण खात्याला पुढे प्रतिज्ञापत्रातून घुसडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मोहिंदर सिंग गिल खटल्यात सांगितले आहे. मात्र जिंकल्यावरही बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी त्याच खात्याकडे परत जाते. तेव्हा पैसे लगेच सुरू होतील असे घरी सांगून बसू नये.

योजनेच्या नियमांत अपिलाची तरतूद असेल तर ती आधी वापरावी, अन्यथा पहिल्याच सुनावणीत तोच प्रश्न येतो. विलंबाचेही तसेच. रिटसाठी कायद्याने ठरलेली मुदत नाही, म्हणून वर्षानुवर्षे थांबणे अंगाशी येते. निवृत्तिवेतनाच्या तर्सेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मागील थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली होती.

उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्यामुळे मराठी किंवा कोकणी कागदांचे भाषांतर लागते. त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरावा. वकिलाच्या शुल्कापोटी मात्र कोणी माघार घेऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमानुसार स्त्रिया व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. गृह आधार ही मुळातच गृहिणींसाठीची योजना असल्याने तिची प्रत्येक लाभार्थी या कलमात बसते.