गाणं लावूनही मन शांत होत नाही? मग या चुका टाळा

"रोज शांत संगीत लावते, पण फरक शून्य!" ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय. एकेकाळी मीही हेच म्हणायचे आणि दर आठवड्याला नवी प्लेलिस्ट शोधायचे. बदलायला हवं होतं ते वेगळंच. गाणं कधी लावलं, कितपत मोठ्याने लावलं आणि कुठे थांबवलं, बहुतेक घोळ तिथे असतो.

रडवेल्या मनाला नाचायला लावणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात भल्या हेतूने होणारी चूक ही. एका मैत्रिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा मी तिला बारा उडत्या चालीची गाणी पाठवली. दोन ऐकून तिने बंद केली. "बरं वाटायचं सोड, अजून एकटं वाटलं," म्हणाली. मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला बोलू!

संगीतोपचारात याला 'आयसो तत्त्व' म्हणतात. इरा आल्टशुलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ते १९४८ मध्ये मांडलं. म्हणणं अगदी साधं आहे: मन आत्ता जिथे आहे, तिथलंच संगीत आधी लावायचं आणि मग हळूहळू हवं तिकडे सरकायचं.

घरच्या घरी करायचं तर सहा गाणी पुरतात. पहिली दोन तुमच्या आत्ताच्या मनासारखी. उदास असाल तर उदास, चिडला असाल तर दणकेबाज. पुढच्या दोनमध्ये भाव साधारण तोच ठेवा, पण लय थोडी बदला. शेवटची दोन तुम्हाला पोचायचं आहे तिथली. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना गचका बसला, तर मध्ये आणखी एक गाणं घाला. आणि तिसऱ्याच्या पुढे जावंसंच वाटलं नाही, तर त्या दिवशी तिथेच थांबा. यादी पूर्ण केल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.

यादी मात्र मन ठिकाणावर असताना करून ठेवा. मन खचलेलं असताना गाणी शोधायला बसलं, की अॅप जे पुढे ढकलेल ते आपण ऐकत बसतो.

उदास गाण्यातच मुक्काम ठोकणं

वरचं वाचून कुणी म्हणेल, मग दुःखी गाणी दिवसभर ऐकली तरी चालतील. तसं नाही. गाणं संपल्यावर एवढंच बघा: मोकळं वाटतंय, की 'तो असं का वागला' हे चऱ्हाट पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय? रडून हलकं वाटलं तर गाण्याने काम केलं. तेच गाणं पाचव्यांदा रिपीटवर असेल आणि विचार तिथेच गरगरत असेल, तर ते गाणं जखम चिघळवतंय. अशा वेळी आधी शब्द काढून टाका, नुसतं वाद्यसंगीत लावा. तेही नको वाटलं तर उठून स्वतः काहीतरी गुणगुणा. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि लांब उच्छ्वासाने शरीर सैल पडायला मदत होते.

झोपताना ओळखीची धून लावणं

रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे आणि डोक्यात एकच ओळ फिरतेय, हा अनुभव मी महिनाभर घेतला. वाटायचं, शब्द नकोत म्हणून त्याच गाण्यांची नुसती वाद्यांवरची आवृत्ती लावावी. तिथेच फसले. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच तपासलं, आणि लोकप्रिय गाण्यांच्या वाद्यांवरच्या आवृत्त्यांनी धून डोक्यात अडकण्याचं प्रमाण उलट वाढलं. माझा अंदाज असा, की शब्द नसले तर ते आपला मेंदूच भरत बसतो.

म्हणून झोपेसाठी अनोळखी, संथ आणि चटकन तोंडात न बसणारं काहीतरी निवडा. पाऊण तासाचा टायमर लावा, ऑटोप्ले बंद करा. आणि जाहिराती येणारं अॅप रात्री नकोच. डोळा लागता लागता कुणीतरी ओरडून सवलत जाहीर करतं.

आवाज वाढवत नेणं

परिणाम होत नाही म्हणून आवाज वाढवणं हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो; ९० डेसिबलला ती मुभा जेमतेम ४ तासांवर येते. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा.

बाळाला झोप लागावी म्हणून त्याच्याजवळ ठेवतात, त्या सतत आवाज करणाऱ्या यंत्रांबाबत तर जास्तच जपा. २०१४ मधल्या एका पाहणीत अशी १४ यंत्रं तपासली. ३० सेंटिमीटरवर सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर ८५ च्याही वर. यंत्र पाळण्यापासून निदान दोन मीटर लांब ठेवा, आवाज अगदी कमी.

आकड्यांच्या मागे लागणं

नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३२ ला जुळवलेलं संगीत मन शांत करतं, असा दावा केला जातो; ४३२ हर्ट्झ म्हणे निसर्गाचा सूर. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं, आणि सेकंद हे माप माणसानेच ठरवलेलं. वाद्यं जुळवायचा ४४० हा आकडाही १९३९ च्या लंडनच्या बैठकीत सोयीसाठी पक्का झाला. आपल्याकडे कुणी पेटीच्या काळी एक पट्टीत गातं, कुणी काळी पाचमध्ये. ज्याच्या गळ्याचा जो सा, तो त्याचा. ४३२ मध्ये ऐकायला आवडत असेल तर खुशाल ऐका, पण त्यासाठी पैसे मोजू नका.

मन शांत करतात असं सांगितल्या जाणाऱ्या 'बायनॉरल बीट्स' या ध्वनींचं तेवढं एक तांत्रिक लक्षात ठेवा: दोन कानांत दोन वेगळे स्वर गेले तरच तो ठोका डोक्यात तयार होतो. स्पीकरवर ऐकत असाल किंवा फोनमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू असेल, तर तुम्ही बायनॉरल बीट्स ऐकतच नाही आहात. हेडफोन लावूनही फायदा होईलच असं नाही, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत.

औषधाची जागा गाण्याला देणं

गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. दोन-दोन आठवडे मन उठतच नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हेडफोन बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. क्वचित कुणाला विशिष्ट संगीताने फिटही येते. तसं झालं असेल तर स्वतःवर प्रयोग नकोत.

शांततेला जागाच न ठेवणं

ही चूक मला सगळ्यात उशिरा कळली. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००६ मध्ये २४ जणांना वेगवेगळं संगीत ऐकवलं आणि मध्येच दोन मिनिटं काहीच वाजवलं नाही. संगीत सुरू होण्याआधी नाडी आणि रक्तदाब जितके होते, त्याहून ते त्या दोन मिनिटांत खाली आले.

तेव्हापासून मी माझ्या यादीत शेवटी दोन मिनिटांची कोरी फाइल टाकलीय. पहिले काही दिवस हात सारखा फोनकडे जायचा, बंद पडलंय की काय म्हणून.