क्रूझच्या भाड्याखालची दुसरी रक्कम

उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की आमच्या बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घरोघरी अलास्का क्रूझचा बेत शिजायला लागतो. मी हिशेबाच्या कामातली, त्यामुळे कोटेशन माझ्याकडे येतं आणि सोबत प्रश्नही ठरलेला: "अगं, भाडं सहाशे डॉलर म्हणाले, मग हे वरचे अडीचशे कसले?"

कागदावर त्याला ‘टॅक्सेस, फीज अँड पोर्ट एक्स्पेन्सेस’ म्हणतात. सगळे पैसे सरकारच्या तिजोरीत जातात असं समजू नका. सिएटलहून निघून जुनो, स्कॅगवे, केचिकन, व्हिक्टोरिया ही बंदरं करून परत येणारी सात रात्रींची सफर घ्या. अलास्का राज्य ७२ तासांहून लांबच्या सफरीवर मोठ्या जहाजांकडून माणशी ३४.५० डॉलर घेतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर माणशी ३ डॉलर. हे दोन्ही मिळून चाळीस डॉलरच्या आत. बाकीच्यात स्थानिक बंदरांची फी, धक्क्याचं भाडं, जहाज आत आणणाऱ्या पायलटचे पैसे, सामानाची ने-आण, सुरक्षा असं सगळं येतं. यातले बरेच आकार जहाजाच्या टनांवर किंवा अख्ख्या जहाजावर असतात आणि कंपनी ते प्रवाशांवर वाटून टाकते.

नव्वदच्या दशकात ‘पोर्ट चार्जेस’च्या नावाखाली कंपन्या आपले इतर खर्चही घालत. १९९७ मध्ये फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की त्या नावाखाली फक्त सरकारी यंत्रणांना दिलेलेच पैसे दाखवायचे. आजच्या करारांतली व्याख्या मात्र ऐसपैस आहे, म्हणून तिकिटाच्या करारातलं तेवढं कलम वाचाच. तिथे आणखी एक वाक्य सापडेल: कर वाढला तर पूर्ण पैसे भरल्यानंतरही फरक मागता येतो.

आता तुलना कशी करायची? ही रक्कम बहुधा खोलीवर ठरत नाही, बंदरांवर ठरते. बिनखिडकीची खोली घ्या की बाल्कनीची, आकडा तोच. म्हणून स्वस्त खोलीत तिचा वाटा डोळ्यांत भरतो. ‘तिसरा-चौथा प्रवासी फुकट’ या जाहिरातीतही ती माफ नसते: माणशी २५० धरले तर दोन मुलांचे ५०० डॉलर द्यावेच लागतात. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मोठ्या कंपन्या अमेरिकेत कर-फी धरूनच किंमत दाखवतात. पण भारतातल्या एजंटच्या व्हॉट्सॲप कोटेशनमध्ये ती अजूनही वेगळी असू शकते. दोन कोटेशन समोर ठेवताना दोन्हींची एकूण बेरीज मागा, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, त्यात आहे का तेही विचारा. ती माणशी, रोजची आणि बहुधा वेगळी असते.

सगळ्यात महत्त्वाचं परताव्याचं. वारा जोराचा असला की कधीकधी केचिकनला जहाज लागत नाही. सासूबाईंच्या सफरीत तसंच झालं, आणि त्या बंदराचे वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीच्या खात्यात क्रेडिट म्हणून आले. खातं जहाजाच्या ॲपमध्ये दिसतं. शेवटच्या रात्रीच्या आत ती ओळ शोधा, नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन विचारा. तसंच उशिरा रद्द केल्यामुळे भाडं बुडालं, तरी बऱ्याच कंपन्या ही कर-फीची रक्कम परत देतात. एजंट आपणहून सांगेलच असं नाही. लेखी मागा.

व्हिसाचे पैसे यात कुठेच नसतात. व्हिक्टोरिया कॅनडात आहे, तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. आणि टूर पॅकेज भारतातून घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच विकणाऱ्याने वसूल केलेला आयकर, घेतला जातो. तो खर्चात धरू नका, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये तो वळता करून घेता येतो. फक्त बुकिंग करताना बाबांचा पॅन नंबर बरोबर दिलाय ना, ते पाहा.