एन्झाइम मेलं नव्हतं

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला यीस्टमधलं पायरुवेट डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम आलं. बेकरीचं यीस्ट फोडायचं, अर्क काढायचा, ॲक्टिव्हिटी मोजायची. क्षार काढायला अर्क बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून रात्रभर बफरमध्ये डायलिसिसला लावला, आणि बफर घेतलं समोर होतं तेच, पीएच 8.5 चं. सकाळी 340 नॅनोमीटरला रीडिंग जागचं हलेना.

मोजायची रीत अशी : पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड निघाला की ॲसिटाल्डिहाइड उरतं. आपण वरून घातलेलं अल्कोहोल डीहायड्रोजनेज त्याचं इथेनॉल करतं, त्यात 340 ला प्रकाश शोषणारं एनएडीएच खर्ची पडतं आणि रीडिंग उतरतं. पेशीतही हेच घडतं. पावाला जाळी पडते ती याच वायूने.

बी-1 जीवनसत्त्वावर, म्हणजे थायमिनवर, चालणारं एन्झाइम, एवढं पाठ होतं. म्हणून थायमिनची बाटली काढली, घातलं. ढिम्म! सीनियर ताई बघत होती. ‘अगं, हे नुसतं जीवनसत्त्व. त्याला पायरोफॉस्फेट लागतं.’ पेशी ते एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून थायमिनला जोडते. माझ्या पिशवीत एटीपी उरलंय कुठे? अल्कधर्मी बफरमध्ये थायमिन पायरोफॉस्फेट आणि मॅग्नेशियम दोन्ही एन्झाइमपासून सुटले आणि पिशवीबाहेर गेले. मग पीएच 6 चं सायट्रेट बफर घेतलं, दोन्ही परत घातले, थोडं थांबले. रेघ खाली उतरू लागली. (लोहमान आणि शुस्टर यांनी 1937 मध्ये थायमिन पायरोफॉस्फेट या सहघटकाची (को-फॅक्टरची, म्हणजे एन्झाइमच्या मदतनीस रेणूची) ओळख पटवली. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याला एक ओळ होती.)

तुम्ही कराल तेव्हा सहघटक घातलेली आणि न घातलेली, अशा दोन नळ्या पहिल्या दिवसापासून ठेवा. मी ठेवल्या असत्या तर आठवडा वाचला असता.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं, ‘कार्बन डायऑक्साइड आपोआप का निघत नाही?’ मी म्हटलं, ‘को-फॅक्टर लागतो.’ मार्क गेले. खरी गोम इलेक्ट्रॉनांची आहे. कार्बन डायऑक्साइड निघताना मागे इलेक्ट्रॉनांची जोडी उरते आणि पायरुवेटमध्ये तिला सामावून घ्यायला जागाच नाही. थायमिनच्या थायाझोलियम कड्यात गंधक आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक कार्बन आहे. तो आपला प्रोटॉन सोडून पायरुवेटच्या कीटो कार्बनला चिकटतो, आणि ती जोडी शेजारच्या धनभारित नायट्रोजनकडे सरकते. रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1958 मध्ये ही यंत्रणा मांडली. व्हायवाला कागद मागा, तेवढं कडं काढा आणि बाण नायट्रोजनपर्यंत न्या.