सनग्लासेसची निर्यात वाढवताना या चुका टाळा

परदेशातून मोठी मागणी आली की बहुतेक कारखानदार सर्वप्रथम नवे यंत्र घेतात. माल मात्र पुढच्याच एखाद्या टप्प्यावर तुंबतो. अ‍ॅसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) फ्रेम कापून झाल्यावर लाकडी तुकड्यांच्या ड्रममध्ये काही दिवस फिरवून गुळगुळीत कराव्या लागतात. हा कालावधी घाईने कमी करण्याऐवजी ड्रमची संख्या वाढवावी. तसेच पुरेशा न मुरलेल्या अ‍ॅसिटेटमधून द्रावक नंतरही निघत राहते आणि तपासणीत सरळ दिसलेली फ्रेम ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत वाकडी होते.

पॉलिकार्बोनेटच्या भिंगांवर एकाएकी चंदेरी रेघा किंवा बुडबुडे दिसू लागले, तर साच्याला दोष देण्यापूर्वी ड्रायर पाहावा. या दाणेदार कच्च्या मालाला साधारण १२० अंश सेल्सिअसला तीन ते चार तास सुकवावे लागते. उत्पादनाचा वेग दुप्पट करून ड्रायर जुनाच ठेवला, तर दाणे त्यात निम्माच वेळ राहतात. ओलाव्यामुळे भिंग ठिसूळही होते, आणि ही खोट डोळ्यांना दिसत नसल्याने मला ती रेघांपेक्षा अधिक घातक वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एकच चाचणी अहवाल सगळ्या बाजारांसाठी पुरेल असे गृहीत धरणे. युरोपात सीई चिन्ह (माल तिथल्या नियमांनुसार असल्याची खूण) आणि आयएसओ १२३१२-१ हे मानक पाहिले जाते, ऑस्ट्रेलियाचे मानक वेगळे आहे, तर अमेरिकेत सुमारे १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून भिंगावर टाकून आघात-चाचणी घेतात. रंगछटेचेही तसेच आहे: युरोपीय वर्गीकरणातील तिसऱ्या श्रेणीचे भिंग ८ ते १८ टक्के प्रकाश जाऊ देते, रंगाच्या टाक्या वाढल्या की घाण्यागणिक छटा बदलते आणि प्रमाण ८ टक्क्यांखाली घसरले, तर तेच भिंग वाहन चालवण्यास अयोग्य अशा चौथ्या श्रेणीत जाते. त्यामुळे लक्ष्य १२-१३ टक्क्यांच्या आसपास ठेवावे आणि प्रत्येक घाणा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (भिंगातून जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजूनच पुढे पाठवावा.

बाहेरून मुलामा करून घेतलेल्या धातूच्या फ्रेमबाबत पुरवठादाराच्या शब्दावर विसंबू नये. त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या भागांतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये, अशी युरोपीय मर्यादा आहे. म्हणून मुलामा देणारा बदलला की ही चाचणी नव्याने करून घ्यावी, मग फ्रेमची रचना तीच का असेना.