राक्षसभुवनची फितुरी पटावर कशी आणायची

वॉरगेममध्ये, म्हणजे बाहुल्यांची पथकं घेऊन टेबलावर लढाई खेळण्याच्या खेळात, फितुरी बहुतेक वेळा एका फाशावर उरकतात. सहा पडला की पथक शत्रूचं. यात दोन गोष्टी चुकतात. ज्याने पैसे चारले त्यालासुद्धा माणूस ऐनवेळी फिरेल का याची खात्री नसते, आणि फाशाची शक्यता तर दोघांनाही तोंडपाठ असते. शिवाय फोडलेला सरदार सहसा उलटून वार करत नाही, तो बाजूला होतो. १० ऑगस्ट १७६३ ला बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला, पेशवे आणि निजामाच्या लढाईत, हेच झालं. निजामाच्या बाजूने आलेल्या जानोजी भोसल्यांना पेशव्यांनी ३२ लाखांच्या मुलखाच्या बोलीवर फोडलं आणि ते अलग झाले. निजाम गोदेच्या पलीकडे, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे, मध्ये पूर. दिवाण मारला गेला.

पटावर जानोजींचं नाव लिहू नका. इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो, मग निजामवाला ते पथक पहिल्याच चालीला कोपऱ्यात नेऊन ठेवतो. निजामाच्या सहा स्वार पथकांना १ ते ६ नंबर द्या आणि फासा टाकून तीन संशयित ठरवा.

आता पिशवी. दोन सेंटिमीटर चौकोनी ३० चिठ्ठ्या कापा. जुन्या लग्नपत्रिका चालतात, लग्नसराईनंतर घरोघरी गठ्ठे पडलेले असतातच. फक्त सगळ्या चिठ्ठ्या एकाच पत्रिकेच्या गठ्ठ्यातल्या आणि सोनेरी छपाई नसलेल्या भागाच्या घ्या, नाहीतर बोटांना फरक कळतो. १२ मूळ चिठ्ठ्या पिशवीत टाका: ६ ‘टिकाऊ’, ४ ‘बघ्या’, २ ‘फितूर’. नंतर दोघांनाही सहा-सहा नाणी द्या. पेशव्याकडचा दोन नाण्यांत एक ‘फितूर’ चिठ्ठी विकत घेतो. निजामवाला त्याच भावाने ‘टिकाऊ’ घेतो. थकलेला पगार चुकता केला असं समजा. प्रत्येकाने पिशवीत तीनच चिठ्ठ्या टाकायच्या, न घेतलेल्यांच्या जागी कोऱ्या. उरलेली नाणी झाकून ठेवायची. शेवटी प्रत्येक नाण्याला एक गुण. कोरी चिठ्ठी नसेल तर समोरच्याने किती खर्च केला ते लगेच मोजता येतं आणि सगळी मजा जाते.

गणित पाहा. कोणीच खर्च केला नाही तर तीन पथकांत निदान एक फितूर निघण्याची शक्यता शंभरात ४५. पेशव्याने सहाही नाणी ओतली आणि निजाम गप्प बसला तर ७४. दोघांनीही सगळं ओतलं तर ६५. म्हणजे पगार दिल्याने धोका कमी होतो, संपत नाही.

प्रत्येक संशयित पथकासाठी न बघता एक चिठ्ठी काढा आणि नंबर लिहिलेल्या पाकिटात टेबलाच्या कडेला ठेवा. बाहुल्यांच्या तळाखाली ठेवू नका, हलवताना दिसते. पाकीट तीनच वेळा उघडायचं: पथकाला शत्रूपासून एका चालीच्या अंतराच्या आत चढाईचा हुकूम दिला, सहा इंचांच्या आतलं मित्रपथक पळालं, किंवा आपला सेनापती पडला. साध्या हालचालीवर उघडू दिलंत तर खेळाडू पहिल्या चालीतच सगळ्यांची परीक्षा घेऊन मोकळा होतो. कोरी निघाली तर पिशवीतून दुसरी काढा.

‘टिकाऊ’ नेहमीसारखा लढतो. ‘बघ्या’ जागचा हलत नाही, त्याच्यावर हल्ला झाला तरच लढतो. ‘फितूर’ आधी एक पूर्ण चाल बाजूला सरकतो. पुढच्या फेरीत फासा टाका: १ ते ४ ला मैदान सोडून जातो, ५ किंवा ६ ला पेशव्याच्या ताब्यात येतो. खरा फटका मात्र शेजाऱ्यांना: तो सरकला की सहा इंचांच्या आतल्या प्रत्येक निजामी पथकाची हिंमत-चाचणी, म्हणजे ते टिकतं की पळतं हे ठरवणारी चाचणी. इथे कंजूसपणा करू नका. ही चाचणी सौम्य ठेवली तर फितुरी म्हणजे फक्त एक पथक कमी, एवढंच उरतं.

एक पळवाट राहते: संशयित पथकं मागेच ठेवणे. तिसऱ्या फेरीनंतर मागच्या फळीत असलेल्या प्रत्येक संशयितासाठी दर फेरीला फासा टाका. ५ किंवा ६ आला तर त्याची चिठ्ठी न बघता पिशवीत परत टाका आणि दुसरी काढा. रिकामा बसलेला सरदार निरोप्यांना भेटत राहतो.

हाच नियम सगळीकडे उचलू नका. १७९५ च्या खर्ड्याला मराठे सरदार एकत्र राहिले; मराठ्यांच्या बाजूला हा खेळ लावायचाच तर ‘फितूर’ काढा, दोन-तीन ‘बघ्या’ पुरेत. जालना जिल्ह्यातल्या असईला, २३ सप्टेंबर १८०३ ला, घटना वेगळी आहे: शिंद्यांच्या चाकरीतले ब्रिटिश अधिकारी लढाईआधीच निघून गेले होते. तिथे चिठ्ठ्या नकोत, शिंद्यांच्या पलटणींना दर फेरीला एक हुकूम कमी द्या.