काळ्या पद्मिनीचा मूळ रंग वाचवला

आमची काळी प्रीमियर पद्मिनी गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून राखाडी पडली होती. टप आणि बॉनेट तर पार पांढुरके. गॅरेजवाल्याने नवीन रंग मारायला सांगितलं, पण मला मूळ रंगच हवा होता.

आधी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात घासलं. फडकं काळं झालं. म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, जुना एकथरी रंग आहे. ही परीक्षा आधी कराच. अशा रंगाचा वरचा मेलेला थर काढला की खाली चांगला रंग मिळतो. क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील तर मात्र कितीही घासा, तिथे रंगच मारावा लागतो.

गाडी सावलीत धुतली, साबणपाण्यावर क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) अलगद फिरवला. कडांवर मास्किंग टेप लावली, तिथे रंग सगळ्यांत पातळ असतो. मग ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं मशीन) फोम पॅड, आधी बारीक कंपाउंड (मेलेला थर घासून काढणारी पेस्ट), नंतर पॉलिश, एका वेळी दीडेक फुटाचा चौकोन. पॅड सारखं काळं होतं, ते ब्रशने साफ करत राहायचं. नवख्याने रोटरी मशीन (पॅड नुसतं गरगर फिरवणारं) काळ्या रंगावर चालवूच नये. रंग जळतो आणि गोल चरे उन्हात उठून दिसतात.

शेवटी कार्नोबा वॅक्सचा (पामच्या पानांपासूनचं मेण) पातळ हात दिला. आता बोअरचं पाणी पत्र्यावर वाळू देत नाही, क्षारांचे डाग पडतात.

डाव्या दारावरचा खोल ओरखडा तसाच ठेवलाय. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने जात नाही, आणि त्यासाठी तिथला रंग झिजवणं मला पटलं नाही.